खंडणी मागितली ५१ हजार, बिल आलं कोटींत : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचं सरकारी कामकाज रॅन्समवेअरने कसं ठप्प झालं यावर अर्ध्या पानाची नोंद दिली होती. त्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सअप येतील असं खरंच वाटलं नव्हतं, म्हणून यावेळचं अख्खं सदर याच विषयाला दिलंय. ज्यांनी ती नोंद वाचली नाही त्यांच्यासाठी एका ओळीत: चोर तुमच्या नेटवर्कमध्ये शिरतो, सगळ्या फाइली लॉक करतो आणि त्या उघडायची चावी हवी असेल तर बिटकॉइनमध्ये पैसे टाका म्हणतो. नावं छापत नाही, फक्त गावं छापतोय.

प्रश्न: मी नगरपालिकेतून निवृत्त झालो. आमच्या काळात दप्तर वाळवीने खाल्लं, पुरात भिजलं, एकदा तर जळालंसुद्धा, पण दप्तर ओलीस धरल्याचं कधी ऐकलं नव्हतं. आणि पालिकेकडे पैसा असतो कुठे? बँका सोडून हे लोक पालिकांच्या मागे का लागतात? (वाई)

काका, पैसा नसतो हे चोरालाही माहिती असतं, पण पालिका बंद ठेवता येत नाही हे पण माहिती असतं, आणि त्याचा सगळा धंदा या दुसऱ्या गोष्टीवर चालतो.

अमेरिकेतल्या अटलांटा शहराचं उदाहरण घ्या. २२ मार्च २०१८, गुरुवार. शहराच्या सिस्टीममध्ये सॅमसॅम नावाचं रॅन्समवेअर घुसलं, मागणी होती सुमारे ५१ हजार डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या भावाने तेहतीस-चौतीस लाख रुपये, एवढ्या मोठ्या शहराच्या मानाने किरकोळच. पण पाणीपट्टी ऑनलाइन भरता येईना आणि खिडकीवर जाऊनही भरता येईना, म्युनिसिपल कोर्टाच्या तारखा पुढे ढकलल्या, पोलीस रिपोर्ट हाताने लिहायला लागले, विमानतळाने खबरदारी म्हणून वायफाय बंद ठेवलं, आणि साधारण आठ हजार कर्मचाऱ्यांना पुढच्या मंगळवारपर्यंत कॉम्प्युटर चालू करू नका असं सांगितलं होतं. सिटी कौन्सिलच्या ऑफिसात तिघं जण मिळून एकाचा घरचा जुना लॅपटॉप वापरत होते अशी बातमी तेव्हा आली होती. पोलिसांच्या गाड्यांमधल्या कॅमेऱ्यांचं जुनं रेकॉर्डिंग तर गेलं ते गेलंच.

शहराने खंडणी दिली नाही. पहिल्या काही आठवड्यांतच तातडीच्या कामांवर २६ लाख डॉलर गेले आणि नंतर एकूण खर्चाचा अंदाज १ कोटी ७० लाख डॉलरपर्यंत गेला. रुपयात शंभर कोटींच्या वर.

आता यातला मला सगळ्यात झोंबणारा भाग. हल्ल्याच्या दोनच महिने आधी, जानेवारी २०१८ मध्ये, शहराच्याच ऑडिटरने अहवाल दिला होता की दर महिन्याच्या तपासणीत पंधराशे ते दोन हजार गंभीर त्रुटी दिसतायत, आणि त्या इतके दिवस दिसतायत की लोकांना त्याची सवय झालीये. ऑडिट पॅरा, अनुपालन, पुढच्या वर्षी परत तोच पॅरा, हे तुम्ही आयुष्यभर पाहिलं असेल, मी वेगळं काय सांगणार. बँकेतही त्रुटी सापडतात, पण तिथे रिझर्व्ह बँक मानगुटीवर बसलेली असते आणि पैसे लगेच मंजूर होतात. पालिकेत सर्व्हर बदलायचा खर्च रस्त्याच्या डांबराशी भांडतो आणि दरवर्षी हरतो, कारण नवा सर्व्हर मतदाराला दिसत नाही.

प्रश्न: मग ५१ हजार देऊन टाकायचे ना सरळ! मी इंजिनिअरिंगला आहे, आमच्या ग्रुपवर यावर दोन दिवस भांडण चालू आहे. (पुणे)

भांडा, भांडण चांगलंय, पण तुम्ही जी तुलना करताय ती मुळातच चुकीची आहे असं माझं मत. "५१ हजार वाचवायला १ कोटी ७० लाख घालवले" हे वाक्य ऐकायला भारी वाटतं, पण पैसे दिल्यावर तो दुसरा आकडा शून्य होत नाही. चावी मिळाली तरी फाइली फक्त उघडतात. चोर कुठून शिरला, अजून कुठे लपून बसलाय, कुठल्या मशीनवर काय टाकून गेलाय हे शोधायचं, सगळे पासवर्ड बदलायचे, शेकडो मशीन पुसून नव्याने उभ्या करायच्या, हे सगळं करायचंच असतं. नाहीतर तोच माणूस परत येतो, किंवा तुमचा पत्ता दुसऱ्याला विकतो.

अमेरिकेतलंच बाल्टिमोर शहर बघ. ७ मे २०१९ ला रॉबिनहूड नावाच्या रॅन्समवेअरने शहर बसलं, मागणी १३ बिटकॉइन, पाऊण लाख डॉलरच्या आसपास. मेयर होऊन जॅक यंग यांना तेव्हा काही दिवसच झाले होते, आधीच्या मेयर कॅथरीन प्यू वेगळ्याच भानगडीत राजीनामा देऊन गेल्या होत्या, म्हणजे माणूस खुर्चीत नीट बसायच्या आत हे. त्यांनी नाही म्हटलं. शहरातली घरांची खरेदी-विक्री अडकली, कारण मालमत्तेवर काही थकबाकी आहे का हे सांगणारा दाखला जिथून निघतो ती सिस्टीमच बंद. पाण्याची बिलं महिनोन् महिने निघाली नाहीत. ईमेल बंद म्हणून खात्यांनी जीमेलवर अकाउंट काढली तर एका जागेवरून एवढी अकाउंट कोण काढतंय म्हणून गुगलच्या सिस्टीमने तीच बंद केली (नंतर चालू करून दिली, पण त्या माणसांची अवस्था काय झाली असेल). एकूण फटका सुमारे १ कोटी ८२ लाख डॉलर, त्यातला मोठा भाग बुडालेल्या किंवा लांबलेल्या वसुलीचा. आणि काही खात्यांची माहिती कायमची गेली, कारण ती कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कवरच होती, बॅकअप नव्हताच.

त्याच उन्हाळ्यात फ्लोरिडातल्या दोन छोट्या गावांनी उलट केलं. रिव्हिएरा बीचच्या कौन्सिलने एकमताने ६५ बिटकॉइन, म्हणजे जवळपास ६ लाख डॉलर मंजूर केले, आणि लेक सिटीने ४२ बिटकॉइन, साधारण ४ लाख ६० हजार डॉलर. त्यांना मूर्ख म्हणणं सोपंय, पण लेक सिटीसारख्या गावात बॅकअपवरच पाणी पडलेलं असेल तर कागदपत्रं परत मिळवायचा दुसरा रस्ता त्यांना दिसेना.

माझं म्हणाल तर देऊ नये. एफबीआय पण हेच म्हणते, अमेरिकेतल्या मेयर लोकांच्या संघटनेने २०१९ मध्ये न देण्याचा ठराव केला, नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये सरकारी संस्थांनी खंडणी द्यायची नाही असा कायदा केला, फ्लोरिडाने पुढच्या वर्षी. मात्र कायदा करणाऱ्या राज्याने गावाला बॅकअपचे पैसे पण द्यावेत, नाहीतर कायदा म्हणजे बुडणाऱ्याला पाण्यात हात मारू नकोस सांगण्यासारखं होतं. तुमच्या ग्रुपवर पुढचं भांडण "द्यायचे की नाही" यावर न करता "बॅकअप शेवटचा रिस्टोअर करून कधी बघितला" यावर करा. खंडणी द्यायची की नाही हे बहुतेक वेळा मेयर ठरवतच नाही, ते आधीच त्या बॅकअपने ठरवलेलं असतं.

प्रश्न: सायबर इन्शुरन्स काढला की झालं ना? मी विमा एजंट आहे, त्यामुळे प्रामाणिक उत्तर द्या. (ठाणे)

प्रामाणिक उत्तर: कामाला येतो, पण त्याने एक विचित्र गोष्ट पण होते. लेक सिटीच्या त्या ४ लाख ६० हजारांत गावाच्या खिशातून गेले फक्त १० हजार डॉलर, बाकी विम्याने भरले. कौन्सिलमधल्या माणसासाठी मग हिशोब सोपा होतो, आणि चोरासाठी पण. न्यू ऑर्लिन्सकडे डिसेंबर २०१९ च्या हल्ल्याच्या वेळी ३० लाख डॉलरचा विमा होता आणि खर्च गेला ७० लाखांच्या वर, म्हणजे निम्मासुद्धा भागला नाही. बाल्टिमोरने तर हल्ल्यानंतर पाच महिन्यांनी २ कोटी डॉलरचं कव्हर घेतलं, हप्ता ८ लाख डॉलरच्या वर. तुम्ही विका, बिनधास्त विका, फक्त क्लायंटला हे पण सांगा की पॉलिसीतून पैसे येतात, जन्ममृत्यूचं रजिस्टर येत नाही.

प्रश्न: मुलगा आणि सून डॅलसला असतात. तिथल्या शहराच्या कॉम्प्युटरवर २०२३ ला असाच हल्ला झाला होता म्हणे. बॅकअप असेल तर भीती नाही असं तुम्ही लोक सांगता, मग माहिती चोरीला गेली तर त्याचं काय? (कोल्हापूर)

काकू, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. बॅकअपने काम परत सुरू होतं, चोरलेली माहिती परत येत नाही. साधारण २०१९-२० नंतर चोरांनी पद्धतच बदलली, आधी डेटा कॉपी करून बाहेर न्यायचा, मग लॉक करायचं, आणि पैसे नाही दिले तर इंटरनेटवर टाकतो अशी धमकी.

डॅलसमध्ये हेच झालं. रॉयल नावाची टोळी ७ एप्रिल २०२३ ला एका सर्व्हिस अकाउंटचा चोरलेला पासवर्ड वापरून आत आली. सर्व्हिस अकाउंट म्हणजे माणसाचं नाही, सॉफ्टवेअरसाठी काढलेलं खातं, ज्याचा पासवर्ड कोणी वर्षानुवर्षं बदलत नाही. जवळपास महिनाभर आत फिरले, एक टेराबाइटच्या वर डेटा बाहेर नेला, आणि ३ मे ला लॉक करायला सुरुवात केली. पोलीस आणि अग्निशमनच्या लोकांना कॉल पाठवणारी कॉम्प्युटर यंत्रणा बंद पडली, पत्ते हाताने लिहून घेऊन रेडिओवर सांगायची वेळ आली. २६ हजारांहून जास्त लोकांची खाजगी माहिती उघडी पडली, त्यात शहराचे कर्मचारी आणि त्यांच्या घरचे बरेच. कौन्सिलने यासाठी ८५ लाख डॉलर मंजूर केले. तुमच्या मुलाला शहराचं पत्र आलं नसेल तर बहुतेक त्याची माहिती त्यात नसेल, पण क्रेडिट फ्रीझ (म्हणजे त्याच्या नावावर दुसऱ्या कोणाला कर्ज काढता येऊ नये म्हणून कुलूप) करून ठेव म्हणावं, तिकडे ते फुकट करता येतं.

आणि डॅलसपेक्षा वाईट वागणूक बघायची असेल तर ओहायोतलं कोलंबस. जुलै २०२४ मध्ये ऱ्हायसिडा टोळीने हल्ला केला, मेयर अँड्र्यू गिंथर यांनी सांगितलं की चोरलेला डेटा एन्क्रिप्टेड (म्हणजे चावीशिवाय वाचता न येणारा) किंवा खराब झालेला आहे, चोरांच्या काही कामाचा नाही. एका सुरक्षा संशोधकाने तो डेटा स्वतः उघडून टीव्हीवाल्यांना दाखवलं की हे बघा, लोकांची नावं, सोशल सिक्युरिटी नंबर (आपल्या आधारसारखा तिकडचा ओळख क्रमांक), सगळं वाचता येतंय. शहराने काय केलं? त्याच्यावरच केस टाकली! नंतर नोव्हेंबरमध्ये मुकाट्याने पाच लाख लोकांना कळवायला लागलं की तुमची माहिती गेली असावी. चोरावर चिडणं समजू शकतो, खरं सांगणाऱ्यावर चिडणं मला अजिबात समजत नाही.

प्रश्न: नेवाडात चोर आत नक्की शिरला कसा? तुमच्या नोंदीत ते आलंच नाही. (नाशिक)

जागा संपली होती हो. आता सांगतो, कारण नेवाडाने सगळा घटनाक्रम अहवालात जाहीर केला आणि सरकारं असं फार कमी वेळा करतात.

सिस्टीम सांभाळणाऱ्या एका कर्मचाऱ्याने कामाचं एक टूल इंटरनेटवर सर्च केलं, वर जाहिरात आली, जाहिरातीतली साइट हुबेहूब खऱ्यासारखी, त्याने डाउनलोड केलं. १४ मे २०२५. ते टूल म्हणजे मागचं दार उघडणारा प्रोग्राम होता. जूनमध्ये अँटिव्हायरसने ते टूल पकडून काढलं, पण मागचं दार तसंच राहिलं. चोराला हाकललं खरं, पण त्याने बनवून घेतलेली किल्ली त्याच्या खिशातच राहिली. पुढे तो हळूहळू एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सरकत राहिला, पासवर्ड ठेवलेल्या सर्व्हरपर्यंत पोचला, आणि २४ ऑगस्टला, रविवारी पहाटे, बॅकअप आधी उडवले आणि मग व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने उभे केलेले अनेक कॉम्प्युटर) लॉक केल्या. हा क्रम लक्षात ठेवा, आधी बॅकअप.

६० च्या वर सरकारी खाती अडकली, लायसनची ऑफिसं बंद. राज्याने एक डॉलरही खंडणी दिली नाही, २८ दिवसांत यंत्रणा उभी केली आणि अडकलेल्या डेटातला सुमारे ९० टक्के परत मिळवला. खर्च साधारण १५ लाख डॉलर, ज्यातला बाहेरच्या कंपन्यांचा भाग विम्यातून निघाला. अटलांटाच्या १ कोटी ७० लाखांशी ताडून बघा, आणि नेवाडा तर अख्खं राज्य आहे. फरक कशाचा? माझ्या मते मुख्यतः तयारीचा: विमा आणि तज्ज्ञ कंपन्यांचे करार आधीच करून ठेवलेले होते, आणि रात्रंदिवस राबायला स्वतःची माणसं होती, ज्यांनी हजारो तास ओव्हरटाइम केला. सगळं आउटसोर्स केलेल्या ऑफिसात रविवारी पहाटे फोन कोणाला करणार?

प्रश्न: आउटसोर्सवरून आठवलं. आमच्याकडे आसपासच्या चार-पाच पालिकांचं सगळं सॉफ्टवेअर एकच ठेकेदार बघतो. यात धोका आहे का? गोव्यात पण २०२२ ला काहीतरी झालं होतं ना? (सावंतवाडी)

धोका आहे, आणि तो टेक्सासमध्ये दिसलाय. १६ ऑगस्ट २०१९ ला सकाळी एकाच वेळी २२ गावांच्या आणि स्थानिक संस्थांच्या सिस्टीम बसल्या. बहुतेक छोटी गावं. बोर्गर नावाच्या गावात जन्ममृत्यूचे दाखले मिळेनात, बिलं भरता येईनात. कीन गावच्या मेयरने सांगितलं की चोर बाहेरच्या आयटी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून आले, आणि तीच कंपनी बऱ्याच गावांचं काम बघत होती. एक दार फोडलं आणि बावीस घरं उघडी. सगळ्यांची मिळून मागणी २५ लाख डॉलर, कोणीच दिले नाहीत. टेक्सासने राज्य पातळीवर आधीच योजना करून ठेवली होती, राज्याच्या टीम गावोगाव गेल्या आणि आठवडाभरात सगळी गावं सावरायला लागली. म्हणजे ठेकेदार एक असला तरी चालेल, पण वर कोणीतरी जबाबदारी घेणारं लागतं.

गोव्याचं तुम्हाला बरोबर आठवतंय. जून २०२२, ऐन पावसाळा, जलसंपदा खात्याच्या पूर निरीक्षण यंत्रणेच्या पणजीतल्या सर्व्हरवर रॅन्समवेअर. नद्यांवरच्या १५ ठिकाणांहून पाण्याची पातळी आणि पावसाची नोंद तिथे यायची, ती सगळी माहिती लॉक झाली आणि बिटकॉइनची मागणी आली. आपल्याकडे त्याच्या आधीच्या वर्षी पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर आणि मग एमआयडीसीवर हल्ले झाले, एमआयडीसीला ऑनलाइन सेवा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. अटलांटासारखा सविस्तर जमाखर्च मात्र यातल्या एकाचाही लोकांसमोर वाचायला मिळाला नाही, आणि मला हल्ल्यापेक्षा याचं जास्त वाईट वाटतं.

तुमच्या ठेकेदाराला दोन गोष्टी विचारा. पाचही पालिकांना एकच ॲडमिन पासवर्ड आहे का? आणि रिमोटने लॉगिन करताना ओटीपी लागतो का? तो हसला तर उत्तर मिळालं असं समजा.

प्रश्न: हे चोर कधी पकडले जातात का? (इंदूर)

कधीकधी. सॅमसॅमसाठी दोन इराणी माणसांवर अमेरिकेने नोव्हेंबर २०१८ मध्ये आरोप ठेवले, दोनशेच्या वर बळी, ६० लाख डॉलर वसुली, ३ कोटी डॉलरचं नुकसान, पण त्यासाठी ते अमेरिकेच्या हाती लागायला हवेत. बाल्टिमोर प्रकरणातला एक इराणी आरोपी मात्र जानेवारी २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात सापडला आणि मे महिन्यात त्याने गुन्हा कबूल केला, बाल्टिमोरशिवाय ग्रीनव्हिल, ग्रेशम, याँकर्स ही शहरं पण त्या यादीत होती. सहा वर्षं लागली.

प्रश्न: मी नगरपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. सकाळी मशीन चालू केली आणि स्क्रीनवर पैसे मागणारी चिठ्ठी दिसली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करू? साहेब अकराला येतात. (परभणी)

साहेबांची वाट बघू नकोस, फोन कर, पण त्याच्याही आधी नेटवर्कची केबल काढ आणि वायफाय बंद कर, शेजारच्या मशीनचं पण. केबल काढायला जमतच नसेल तरच मशीन बंद कर, कारण मशीन बंद केली की मेमरीतला पुरावा जातो. न्यू ऑर्लिन्समध्ये सिटी हॉलच्या लाउडस्पीकरवरून सगळ्यांना कॉम्प्युटर बंद करा म्हणून ओरडून सांगितलं होतं, पसरणं थांबवायचं म्हणून, ती घाई चुकीची नव्हती, पण तुझ्याकडे चारच मशीन असतील तर केबल काढणं पुरतं.

स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढ. चिठ्ठीतल्या लिंकवर जाऊ नकोस, चोराशी चॅट करू नकोस, ते तुझं काम नाही. फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू असं कोणी म्हणालं तर हात जोडून थांबव, पोलिसांना आणि तज्ज्ञांना ती मशीन आहे तशी लागेल. एप्रिल २०२२ च्या नियमाप्रमाणे अशी घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांचं बघणारी केंद्र सरकारची संस्था) कळवावी लागते, सरकारी ऑफिसांनाही ते लागू आहे, आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करायची, हेल्पलाइन १९३०. हे दोन्ही साहेबांच्या सहीने जायला हवं म्हणून त्यांचा फोन आधी, आणि किती वाजता फोन केला ते एका कागदावर लिहून ठेव, नंतर विचारणा तुझ्याकडेच येणार आहे.

आणि कपाटात बॅकअपची हार्डडिस्क असेल तर ती कोणी कितीही घाई केली तरी त्या मशीनला लावू द्यायची नाही, लावली की तीही लॉक होते.